आडोसा

धाराशिव,
ता. १९ डिसेंबर १९४३

सौ. अक्कास मल्लूचे शरणार्थ.

तुझं पत्र पोचलं. येळवसीच्या सणाला मी मुरूमला घरी येणार न्हाय म्हणून अव्वानं तुझ्याकडं गाऱ्हाणं घातलं, हे वाचून हसू आलं. मुरूमहून सोलापूरला गाऱ्हाणं आणि सोलापूरहून धाराशिवला बोलणी! पण कारण ऐकलंस तर तूच म्हणशील, नको जाऊ.

इथं सायकलची शर्यत भरणार आहे. पुढच्या महिन्यात, शुक्रवारी, जुम्याच्या सुटीला. कापडपेठेतल्या व्यापाऱ्यांनी आणि कचेरीतल्या काही हौशी लोकांनी मिळून ठरवलंय. पेठेच्या कमानीतून निघायचं, तुळजापूरची वेस गाठायची आणि परत कमानीत यायचं. पहिल्या नंबराला इनाम काय, तर नव्याकोऱ्या टायर-ट्यूबची जोडी! लढाई सुरू झाल्यापासून रबर कुठं बघायला तरी मिळतंय का? लोक टायरला दोरा घालून शिवतात. ही जोडी कुठनं आली ते कुणी विचारत न्हाय, पण मामांच्या दुकानात कपाटावर ठेवलीय. कापड मोजताना माझं ध्यान तिकडंच असतं. काल एका गिऱ्हाइकाला हातभर खण जास्त फाडून दिला आणि मामांची बोलणी खाल्ली.

मामा पंचात आहेत. मी नाव घातलं तेव्हा म्हणाले, "पंचाचा भाचा म्हणून तुला कुणी पुढं सोडणार न्हाय, ध्यानात ठेव." मी म्हणालो, कुणी सोडायची गरजच न्हाय. दाजींनी दिलेली सायकल मी रोज पहाटे येडशीच्या रस्त्यावर पिटाळतोय. दुकानात सगळे म्हणतात, मल्लिनाथचा हात धरणारा धाराशिवात कुणी न्हाय.

अप्पांना यातलं काही कळवू नकोस. सायकल पळवणारी पोरं म्हणजे उनाड, असं त्यांचं ठरलेलं आहे. जिंकलो की मग सांगू.

तुझा,
मल्लू


सोलापूर,
ता. २९ डिसेंबर १९४३

चि. मल्लूस अक्काचे आशीर्वाद.

अप्पांना मी आपणहून कळवणार न्हाय, पण त्यांनी विचारलंच तर खोटं सांगणार न्हाय. तुझ्या दाजींना शर्यतीचं सांगितलं तर मिलमधून आल्या आल्या, पायातल्या वहाणा न काढता, सायकल अशी धर नि तशी धर म्हणून मला दाखवायला लागले. त्यांचा निरोप असा की पहिल्या फर्लांगात जीव काढू नको, आणि जेवून पळू नको.

माझा निरोप एवढाच की पडू नको. नंबर न्हाय आला तरी तू माझा भाऊच राहशील.

तुझी पत्रं मी सासूबाईंना वाचून दाखवते. त्यांना अक्षर येत न्हाय पण ऐकलेलं सगळं ध्यानात राहतं. "तुझा भाऊ बोलतोय असंच वाटतंय बघ," म्हणतात. या घरात येऊन पाच वर्षं झाली, पण माहेरच्या कुणाचं कौतुक त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. म्हणून शर्यतीचं सगळं बैजवार लिही. कंटाळा करू नको.

महादेवी


धाराशिव,
ता. ९ जानेवारी १९४४

सौ. अक्कास शरणार्थ.

अक्का, पहिला नंबर माझा आला! टायर माझ्या सायकलला चढलेसुद्धा. आता बैजवार ऐक, आणि सासूबाईंनाही ऐकव.

परवा सकाळी सगळी पेठ रस्त्यावर आलेली. आम्ही अकरा जण. कचेरीतले दोन कारकून, पोलिसलाइनीतला एक जवान, शाळेतली थोराड पोरं, आणि बलभीम म्हणून एक गडी. हा तेरच्या बाजूच्या एका वाडीचा. रोज सायकलवर खव्याची पाटी बांधून आणतो आणि अण्णाराव हलवायाच्या दुकानी घालतो. धोतराचा काचा मारून अनवाणी आला होता. लोक त्याला हसले. मीही हसलो.

मामांनी रुमाल खाली टाकला आणि आम्ही सुटलो. मला वाटलं होतं, शर्यत म्हणजे आपण रोज चालवतो तीच सायकल, फक्त जोरात. तसं नसतं गं. सगळे एकमेकांच्या अंगावर येतात. कुणाचा तरी हँडल माझ्या कोपराला लागला. माझ्या पुढं दोघं एकमेकांत गुंतून पडले आणि त्यांच्या अंगावरून सायकल कशी काढली माझी मला कळलं न्हाय. दाजींचा निरोप मी विसरलो. पहिल्याच चढाला छाती जळायला लागली, तोंडाला कोरड, आणि डोळ्यांपुढं पिवळं दिसायला लागलं. खरं सांगतो, त्या वेळी परत फिरावंसं वाटलं.

उगवतीकडून आडवा वारा सुटला होता. सगळे मागं पडत गेले. पुढं फक्त तो बलभीम, एका लयीत चाललेला. मी कसंबसं त्याला गाठलं आणि तिथं एक युक्ती सापडली. त्याच्या मागं, जरा उजव्या अंगाला चाक ठेवलं की वारा लागंना! भिंतीच्या आडोशाला बसल्यासारखं. पाय आपोआप फिरायला लागले. दम परत आला. तुळजापूरपर्यंत मी मजेत गेलो, शिवारातली करडई बघत बघत.

तुळजापूरच्या वेशीत एक माणूस उभा केला होता, येईल त्याला कुंकू लावायला, म्हणजे कुणी मधूनच परत फिरायला नको. मी विभूतीवरच कुंकू लावून घेतलं आणि फिरलो. बलभीम पाणी प्यायला थांबला. मी न्हाय थांबलो. तिथून पुढं सगळा रस्ता मी एकटा पुढं. पण थोड्या वेळानं मागं चेन वाजायला लागली. बघतो तर हा माझ्या मागं चिकटलेला. मी जोर केला की तोही करायचा, मी हळू झालो की तोही हळू. पार गावापर्यंत सुटला न्हाय. आणि कमान दिसली, लोक "मल्लू, मल्लू" ओरडायला लागले, तेवढ्यात माझ्या मागून बाहेर आला आणि एक चाक पुढं निघून गेला.

मी उतरलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्यो बेइमान हाय. तुळजापूरपासनं माझ्या आडोशानं आला. वारा म्या खाल्ला, ह्यो फुकटात आला." तर तो काय म्हणावा? "वारा काय तुझ्या मामाचा हाय व्हय?" बघ किती उर्मट! मामा पंचांत बसलेले, त्यांच्या तोंडावर! लोक खवळले. पंच बाजूला गेले. मामांनी मला बोलावून एक-दोन गोष्टी विचारल्या, मी सांगितल्या. मग फैसला झाला की बलभीम बाद आणि पहिला नंबर माझा.

लोकांनी खांद्यावर घेतलं. अण्णाराव हलवायानं स्वतः हातात पेढा ठेवला. तुमच्यासाठीही त्याच्याच दुकानचे पेढे पाठवतो. आता अप्पांना खुशाल कळव.

तुझा,
मल्लू


सोलापूर,
ता. १७ जानेवारी १९४४

चि. मल्लूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दळत होते. पिठाच्या हातानंच फोडलं. शेजारच्या चौघी बोलावून सगळ्यांना वाचून दाखवलं. सासूबाई मधे बसलेल्या, जणू त्यांचाच लेक जिंकलाय. त्या खवेवाल्याचं आलं तेव्हा शेजारणींनी बोटं मोडली. "लबाडाला देव बघतो," म्हणाल्या. अप्पांनाही मी त्याच दिवशी लिहिलं. रागावले तर माझ्यावर रागावतील.

पेढ्यांची वाट बघतेय.

महादेवी


सोलापूर,
ता. २४ जानेवारी १९४४

चि. मल्लूस आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण मनात एक गोष्ट राहिलीय.

काल घरी पाहुणे होते. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या भावाचं पत्र वाच." मी परत पहिल्यापासून वाचलं. शेवटाला सगळे वाहवा करायला लागले, तशा सासूबाई म्हणाल्या, "पर जाताना ह्यो त्येच्या मागं व्हता न्हवं? तवा वारा कुणी खाल्ला?"

त्यांनी कुचकेपणानं न्हाय विचारलं. न कळून विचारलं. पण सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "न्हाय, ते वेगळं होतं. जाताना तसं चालतं." शर्यतीतलं मला काय कळतं, मल्लू? तोंडाला आलं ते बोलले. सासूबाई म्हणाल्या, "आसंल बाई," आणि विषय बदलला. पण तेव्हापासून मला घास गोड लागेना.

जाताना आणि येताना वेगळं असतं का, तेवढं लिही. म्हणजे मी त्यांना नीट सांगेन.

महादेवी


धाराशिव,
ता. २० फेब्रुवारी १९४४

सौ. अक्कास शरणार्थ.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. दुकानात कामाची गर्दी आहे. कापड येत न्हाय आणि लोक मामांना बोल लावतात, त्यामुळं लिहायला सवड न्हाय. पेढे पाठवायचे राहिले. अण्णारावचं दुकान बंद होतं.

शर्यत होऊन गेली. आता तिचं काय बोलायचं. अव्वाचा गुडघा दुखतोय, असं गाववाल्याकडून कळलं. तू तिला तेल पाठव.

मल्लू


सोलापूर,
ता. २८ फेब्रुवारी १९४४

मल्लूस,

महिन्याभरानं आलेलं पत्र पाच ओळींचं. त्यात मी विचारलेल्याचं उत्तर न्हाय.

आपल्या गावचा बसप्पा परवा सूत घ्यायला इथं आला होता. तुझ्याच पेठेतून आला. त्याला विचारलं, अण्णारावचं दुकान बंद असतं का रे? तो म्हणाला, गेल्या महिन्यात एक दिवससुद्धा बंद न्हाय.

पेढ्यांसाठी कुणी खोटं बोलत न्हाय. काय झालंय ते लिही. हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार न्हाय.

महादेवी


धाराशिव,
ता. ९ मार्च १९४४

अक्का,

हे तू एकटीनं वाच आणि मग चुलीत घाल.

दुकान उघडं होतं. मी पेढे घ्यायला गेलो होतो. तुझं पहिलं पत्र, शेजारणींनी बोटं मोडल्याचं, ते खिशातच होतं. दुकानासमोर दहा-वीस माणसं जमलेली. बलभीमनं पाटी खाली ठेवली होती आणि अण्णाराव खव्याचा एकेक गोळा फोडून बघत होता. बोटानं चिरडायचा, वास घ्यायचा, माणसांना दाखवायचा. म्हणाला, "शर्यतीत फसवणारा खव्यात पीठ मिसळणार न्हाय कशावरनं?" माणसं हसली. बलभीम म्हणाला, "मालक, आठ वर्सं घालतोय खवा. कधी गोळा फोडला न्हवता तुमी." अण्णाराव म्हणाला, "तवा ठाव न्हवतं."

मग त्याला मी दिसलो. "या या, शर्यतवाले! तुमच्यामुळं माणूस कळला आम्हाला."

बलभीमनं माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून पेढ्यांकडं बघत राहिलो. अण्णारावनं पुडा बांधून दिला आणि मी तो घेऊन आलो. गावाबाहेर येऊन विहिरीत टाकला.

सासूबाईंनी बरोबर ओळखलं. जाताना आणि येताना वेगळं काही नसतं. मी तुळजापूरपर्यंत त्याच्या आडोशानं गेलो आणि तो परत येताना माझ्या आडोशानं आला. तुला लिहिताना मी त्याला माझी युक्ती म्हणालो आणि त्यानं केली तर बेइमानी म्हणालो. आणि लिहिताना माझ्या ध्यानातसुद्धा आलं न्हाय, इतका मी फुगलो होतो.

पण हेही पुरतं खरं न्हाय. कमानीपाशी मला ठाऊक होतं. तो एक चाक पुढं गेला, लोकांचा आवाज एकदम बंद झाला, आणि मला वाटलं, आता मी दुकानात परत कसा जाऊ? पेठेत महिनाभर छाती काढून हिंडलो होतो. तेवढ्यात तोंडातून तो शब्द निघून गेला. मला वाटलं, हरलेला माणूस काहीतरी ओरडतो तसं लोक सोडून देतील. लोकांनी सोडलं न्हाय. लोकांना तेच पाहिजे होतं.

आणि मामांनी एक-दोन गोष्टी विचारल्या, असं मी लिहिलं होतं. एकच विचारलं होतं. बाजूला घेऊन म्हणाले, "मल्लू, जाताना तू कुणाच्या मागं गेला होतास का? गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांग." मी हात लावला आणि न्हाय म्हणालो.

मामा माझ्यासाठी झुकले न्हाईत, अक्का. त्यांनी माझ्या शब्दावर फैसला दिला. त्या दिवसापासून पूजेला बसतो आणि हातावर लिंग घेतलं की नजर ठरत न्हाय.

बलभीम आता चालत येतो. त्याचा टायर फाटला, दुसरा मिळत न्हाय. पाटी डोक्यावर घेऊन तेरकडून चालत यायचं म्हणजे खवा उशिरा पोचतो, आणि अण्णाराव उशीर झाला म्हणून आणखी बोलतो. मी नव्या टायरवर त्याच्या शेजारून जातो. परवा त्याला बघून मी सायकल गल्लीत घातली आणि तो जाईपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिलो.

उद्या होळी आहे. पेठेतली पोरं मला सायकलवर मिरवणार म्हणताहेत. मी ताप आलाय म्हणून सांगितलं.

मी काय करू?

मल्लू


सोलापूर,
ता. १६ मार्च १९४४

चि. मल्लूस,

पत्र चुलीत घातलं. घालायच्या आधी चार वेळा वाचलं.

रात्रभर तुझा राग आला. लिंगावर हात ठेवून खोटं! अप्पांना कळलं तर अन्न सोडतील. मग सकाळी उठले तेव्हा माझीच लाज वाटायला लागली. चौघींना गोळा करून मी त्या माणसाला शिव्या घालायला लावल्या. सासूबाईंनी सरळ विचारलं तर तोंडावर खोटं बोलले. माहेरचं नाक वर राहावं म्हणून. तू पेठेसाठी बोललास, मी या ओसरीसाठी. तुला मी कोणत्या तोंडानं बोलू?

काल सासूबाईंचे पाय चेपताना त्यांना सांगितलं. तुझं सगळं न्हाय, फक्त माझं. म्हणाले, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं, वेगळं काही नसतं. त्या म्हणाल्या, "मला ठावं व्हतं." आणि पाय ओढून घेतले. आज सकाळपासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलताहेत. पण मला घास गिळता येतोय.

काय करू म्हणून विचारलंस. ते तुला माहीत आहे, म्हणूनच विचारलंस. फक्त एक सांगते. टायर गुपचूप नेऊन त्याच्या दारात टाकून येऊ नको. त्याचा टायर फाटला त्यात तुझा हात न्हाय. त्याचं नाव तू फाडलंस, तेही भर पेठेत.

मामांना आधी सांग. त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये.

तुझी,
अक्का


धाराशिव,
ता. २ एप्रिल १९४४

सौ. अक्कास शरणार्थ.

मामांना आधी सांगितलं. दुकान उघडायच्या आधी, दोघंच असताना. ते गादीवर बसले होते ते उठून उभे राहिले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, "म्या त्या माणसाला बेइमान ठरवला. माझ्या तोंडानं. तुझा शब्द म्हणून." मग परत बसले आणि म्हणाले, "आता गप्प बस. पाच जणांचा फैसला हाय. त्यो फिरवला तर उद्या पेठेत माझ्या कापड मोजायच्या गजाला कुणी इमानी म्हणायचं न्हाय." मी म्हणालो, मामा, मला सांगितल्याशिवाय राहवणार न्हाय. ते म्हणाले, "मग माझ्या दुकानातनं सांगू नगंस."

म्हणून बाजारच्या दिवशी अण्णारावच्या दुकानासमोर गेलो. बलभीम यायची वेळ साधून गेलो. तो पाटी उतरवत होता. मी ओरडून सांगायचं ठरवलं होतं, पण आवाज फुटेना. शर्यतीच्या दिवशी कसा फुटला होता! दोनदा खाकरलो तेव्हा लोक वळून बघायला लागले. मी म्हणालो, "शर्यत यानं जिंकली. बेइमान हा न्हाय. जाताना मी याच्या आडोशानं गेलो होतो आणि पंचांना न्हाय म्हणून खोटी आण घेतली. पंचांची चूक न्हाय. मी फसवलं."

मला वाटलं होतं लोक शिव्या घालतील, न्हायतर शाबास म्हणतील. एकजण म्हणाला, "आता जत्रा उठल्यावर सांगतोय!" आणि सगळे हसले. एका म्हातारीनं विचारलं, "कसली शर्यत?" अण्णारावनं पाटीवरचं फडकं काढलं आणि पहिला गोळा हातात घेतला. मी म्हणालो, "आता कशाला फोडताय?" तो म्हणाला, "सवय झाली. धंद्याला बरी असती." आणि फोडला. बलभीमनं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. पैसे घेतले, रिकामी पाटी काखेत मारली आणि गेला.

म्हणजे मी शब्द मागं घेतला, पण तो जिथं पोचायचा तिथं पोचला होता. त्या रात्री मामींनी ताट वाढलं. मामा माझ्या पंक्तीला बसले न्हाईत. अजून बसत न्हाईत. दुकानात काम सांगायचं झालं तर दिवाणजीला सांगतात आणि तो मला सांगतो. तू लिहिशील, सोलापूरला निघून ये, दाजी मिलमध्ये चिकटवतील. येणार न्हाय. इथंच राहीन. दिवाणजीकडून ऐकीन.

परवा जुम्याला बलभीमच्या वाडीला गेलो. सायकलवरच गेलो, कारण टायर सायकललाच होते. घर सापडायला वेळ लागला न्हाय, दुधाचा वास येत होता. त्याची बायको धुरपदाबाई चुलवणावर कढईत दूध घोटत होती. तिला नाव सांगितलं तशी तिच्या हातातलं उलथनं थांबलं. मग दूध लागेल म्हणून परत हलवायला लागली. बलभीम गोठ्यातून आला. मी म्हणालो, "टायर तुमचे आहेत. द्यायला आलोय." तो म्हणाला, "उशीर केलास." मी म्हणालो, व्हय.

"बाजारात बोललास ते ऐकलं म्या," तो म्हणाला. "बरं केलंस. पर माझ्या पोरीला पाणवठ्यावर बेइमानाची पोर म्हनत्यात. तिकडं जाऊन कोन बोलनार?" मी म्हणालो, मी जातो. तो म्हणाला, "नगं. तू जिथं जाशील तितं त्येच पुन्ना निघंल."

मी खाली बसून टायर सोडवायला लागलो. पान्हा सारखा निसटायचा. त्यानं मदत केली न्हाय आणि थांब म्हणालाही न्हाय. दोन्ही टायर, दोन्ही ट्यूब काढून त्याच्यासमोर ठेवल्या. त्यानं उचलून भिंतीला लावल्या. मी माफी मागितली. तो म्हणाला, "टायर घेतो. ते माझंच हाय. माफीचं आज न्हाय सांगू शकत." धुरपदाबाईनं आतून विचारलं, "पावना जेवनार हाय का?" तो म्हणाला, "न्हाय. निघालाय."

माझे जुने टायर मामांनी मागंच दुकानाच्या सायकलला लावले होते. म्हणून मी नुसत्या रिंगांवरची सायकल हातात धरली आणि खडखडत निघालो. वेशीपर्यंत आलो असेन, मागून हाक आली. बलभीम होता. हातात त्याच्या सायकलचे जुने टायर. म्हणाला, "नागड्या रिंगवर नेऊ नगंस. तारा वाकतील. सायकलीनं काय केलंय?" आणि स्वतः खाली बसून दोन्ही चाकांना ते चढवून दिले. फाटलेल्या जागी आतून चामड्याचा तुकडा घालून नव्यानं शिवलं होतं. मग हात झटकले आणि गेला.

मी सायकलवर बसलो. त्या टायरना जागोजाग दोऱ्यांनी शिवलेलं, ठिगळाला ठिगळ, आणि पोकळी भरायला आत लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या. चाक फिरलं की दर फेऱ्याला धक्का बसायचा, थेट दाढेपर्यंत. चढाला सायकल पुढं सरकायची न्हाय, उताराला पळायची न्हाय. वारा पडलेला होता, अंगावर काही ओझं न्हवतं, तरी तीनदा उतरून सायकल ढकलली. गावात शिरेपर्यंत दिवे लागले.

अक्का, त्याच टायरवर तो तुळजापूरपर्यंत मला आडोसा देत गेला होता. आणि त्याच टायरवर माझ्या पुढं आला होता.

तुझा,
मल्लू